हँडीकॅममधले जुने चित्रण संगणकावर: पाहण्यासाठी आणि एडिटिंगसाठी

नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ जवळ येऊ लागला तसे ओळखीच्या लोकांचे फोन सुरू झाले: मागचे चित्रण कपाटात पडून आहे, ते लॅपटॉपवर कसे घ्यायचे? २००३ च्या सिंहस्थात ज्यांनी रामकुंडावर हँडीकॅम नेला होता त्यांच्याकडे मिनी-डीव्हीच्या, काडेपेटीहून थोड्या मोठ्या कॅसेट आहेत. २००८ च्या सप्टेंबरमधला गोदावरीचा पूर ज्यांनी टिपला त्यांच्यापैकी काहींकडे हार्ड डिस्क बसवलेल्या कॅमेऱ्यातून निघालेल्या एमओडी फाइली आहेत, आणि २०१५ च्या सिंहस्थातले घरगुती चित्रण बहुतेक वेळा एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्याचे, म्हणजे एमटीएस फाइलींतले असते. या फाइली आजच्या संगणकावर टाकल्या की काही उघडतच नाहीत, काहींचे चित्र दिसते पण आवाज येत नाही, आणि काही उघडतात पण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इतक्या अडखळत चालतात की माणूस कंटाळतो. मग इंटरनेटवर पहिला दिसेल तो फुकटचा कन्व्हर्टर उतरवून सगळे एमपीफोर केले जाते आणि जागा रिकामी करण्यासाठी मूळ फाइली पुसल्या जातात.

या शेवटच्या कृतीची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. २००३ च्या माझ्या कॅसेट मी एका मिक्सिंगवाल्याकडून डीव्हीडीवर उतरवून घेतल्या आणि त्याच कॅसेटवर पुढे घरातली लग्ने टिपली. काही वर्षांनी डीव्हीडीचे काही भाग वाचलेच जाईनात, आणि जे वाचले गेले त्याचेही चित्र कॅसेटच्या मानाने पुष्कळ दाबलेले होते. दोष त्या दुकानदाराचा नव्हता; मूळ प्रत मीच पुसली होती. पुढे जे सांगितले आहे त्यामागे एकच विचार आहे: फाइल आधी ओळखावी, बदलण्याची गरज नसेल तर बदलू नये, आणि बदलावी लागलीच तर ती मूळ प्रतीवरून एकदाच बदलावी.

डबा आणि आतला जिन्नस

फाइलीच्या नावामागचे एमटीएस, एव्हीआय, एमपीफोर हे शेपूट म्हणजे डब्यावरची चिठ्ठी असते. स्वयंपाकघरात जसे 'रवा' लिहिलेल्या डब्यात साखर निघू शकते, तसेच येथेही होते. डब्याच्या आत दोन जिन्नस असतात: चित्र आणि आवाज. हे दोन्ही ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात तिला कोडेक म्हणतात. एव्हीसीएचडी कॅमेऱ्याच्या एमटीएस डब्यात चित्र एच.२६४ या कोडेकमध्ये असते आणि आवाज बहुतेक वेळा डॉल्बीच्या एसी-३ मध्ये. आजच्या मोबाइलच्या एमपीफोर फाइलींतही अनेकदा हेच एच.२६४ असते. म्हणजे एमटीएस उघडत नसेल तर पुष्कळदा अडचण डब्याची असते, जिनसाची नव्हे. अशा वेळी आतले चित्र नव्याने दाबणे म्हणजे शिजलेली भाजी दुसऱ्या डब्यात काढण्याऐवजी पुन्हा गॅसवर चढवण्यासारखे आहे.

आत काय आहे हे पाहण्यासाठी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे, त्यात फाइल ओढून टाकावी आणि 'व्ह्यू' मेनूतून 'टेक्स्ट' निवडावे. कागदावर सहा गोष्टी लिहून घ्याव्यात: चित्राचा फॉरमॅट, रुंदी-उंची, दाखवण्याचे प्रमाण, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे), स्कॅन टाइप आणि आवाजाचा फॉरमॅट. २०१५ मधल्या एका कार्डातली फाइल मी आत्ता पाहिली, तर तिथे चित्र एव्हीसी, १९२० बाय १०८०, प्रमाण १६:९, सेकंदाला २५ फ्रेम, स्कॅन 'इंटरलेस्ड', क्रम 'टॉप फील्ड फर्स्ट' आणि आवाज एसी-३ असा मजकूर दिसतो. एव्हीसी हे एच.२६४ चेच दुसरे नाव आहे, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. 'इंटरलेस्ड' म्हणजे काय ते पुढे 'आडव्या रेषांचा प्रश्न' या भागात येईल. पुढचा प्रत्येक निर्णय या सहा ओळींवर अवलंबून आहे.

नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला कॅमेरा असेल तर फ्रेम रेट २५ ऐवजी २९.९७ दिसेल आणि जुन्या फाइलींची उंची ५७६ ऐवजी ४८० असेल. तो आकडा तसाच ठेवावा, २९.९७ चे २५ करण्याच्या नादात हालचाल हिसक्याहिसक्याने होऊ लागते. अशा कॅमेऱ्याने आपल्याकडच्या ट्यूबलाइटमध्ये घेतलेले चित्र लुकलुकत असेल तर तो दोष कन्व्हर्टरचा नाही, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आणि त्या कॅमेऱ्याच्या गतीचा मेळ बसत नाही म्हणून तसे होते.

मूळ प्रत उतरवून घेणे

कार्ड कॅमेऱ्यातून काढल्यावर त्याच्या कडेची छोटी खिट्टी 'लॉक'कडे सरकवावी, म्हणजे चुकून काही पुसले जाणार नाही. मग कार्ड रीडरमधून संपूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत घ्यावी. एव्हीसीएचडी कार्डात 'प्रायव्हेट', त्यात 'एव्हीसीएचडी', त्यात 'बीडीएमव्ही' आणि त्यात 'स्ट्रीम' अशी फोल्डरची उतरंड असते, आणि एमटीएस फाइली सगळ्यात आतल्या 'स्ट्रीम'मध्ये सापडतात. घाईत असलेला माणूस तेवढ्याच उचलतो आणि शेजारची 'क्लिपइन्फ' व 'प्लेलिस्ट' ही फोल्डरे निरुपयोगी समजून सोडून देतो. ती निरुपयोगी नाहीत. कॅमेरा लांबलेले चित्रण एका फाइलीत ठेवत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत दर २ जीबीला, काहींत ४ जीबीला नवी फाइल सुरू होते, आणि कोणती फाइल कोणाच्या पाठोपाठ येते याची नोंद या शेजारच्या फोल्डरांत असते. सुटे तुकडे एडिटिंगच्या टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवले की सांध्यावर आवाजाचा एखादा क्षण गळतो. भाषणात ते कदाचित लक्षात येणार नाही, पण मंगलाष्टकांच्या मधोमध सांधा आला तर 'सावधान' अर्धेच ऐकू येते.

असे तुकडे जोडण्याचे दोन मार्ग आहेत. कॅमेऱ्याबरोबर आलेले मूळ सॉफ्टवेअर चालत असेल तर त्यातूनच आयात करावी. ते नोंदी वाचून तुकडे नीट जोडते. ते चालत नसेल तर टीएसमक्सर हे लहानसे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे, पहिली फाइल 'अ‍ॅड' करावी आणि पुढच्या फाइली क्रमाने 'जॉइन' कराव्यात. यात काहीही नव्याने दाबले जात नाही, म्हणून वेळही फक्त प्रत घेण्याइतकाच लागतो. 'जॉइन' फक्त एकाच सलग चित्रणाच्या तुकड्यांसाठी वापरावे. वेगवेगळ्या क्लिप अशा चिकटवू नयेत.

तारखेचाही येथेच बंदोबस्त करावा. एव्हीसीएचडी कॅमेरा चित्रणाची तारीख आणि वेळ चित्राच्या प्रवाहातच नोंदवून ठेवतो, पण फाइल नव्याने दाबली की ही नोंद जाते आणि फाइलीवर रूपांतराच्या दिवसाची तारीख बसते. म्हणून कोणतेही रूपांतर करण्याआधी प्रतीच्या फोल्डरला '२०१५-०८-२९ रामकुंड' असे वर्षापासून सुरू होणारे नाव द्यावे. कार्डाच्या आतल्या फाइलींची नावे मात्र बदलू नयेत, नाहीतर वर सांगितलेल्या नोंदींशी त्यांचा मेळ तुटतो.

ज्या डिस्कवर प्रत ठेवायची ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि पेनड्राइव्हवर 'जागा शिल्लक असूनही फाइल जात नाही' या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच निघते.

फक्त पाहायचे असेल तर

रूपांतर करूच नये. व्हीएलसी प्लेअर बसवावा. तो एमटीएस, एमओडी, डीव्हीडीवरच्या व्हीओबी आणि डीव्हीच्या एव्हीआय फाइली सरळ उघडतो. हालचालीच्या कडांवर आडव्या रेषा दिसल्या तर 'व्हिडिओ' मेनूत 'डीइंटरलेस' चालू करून पद्धत 'याडिफ (२एक्स)' निवडावी. इतक्यावर ज्यांचे समाधान होते त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल.

डबा बदलणे

टीव्हीला किंवा एखाद्या सॉफ्टवेअरला एमटीएस नकोच असेल, तर शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. फाइली त्याच्या यादीत टाकाव्यात, 'फंक्शन'मधून 'रीरॅप' निवडावे, बाहेर येणारी फाइल एमपीफोर किंवा एमओव्ही ठेवावी आणि सुरू करावे. एच.२६४ चे चित्र जसेच्या तसे नव्या डब्यात जाते, गुणवत्तेत तिळमात्र फरक पडत नाही. एक तासाच्या फाइलीला काही मिनिटे पुरतात, आणि तीही मुख्यतः डिस्कच्या वेगावर अवलंबून असतात.

चित्र येते पण आवाज येत नाही, ही एडिटिंगमधली नेहमीची तक्रार एसी-३ मुळे उद्भवते, कारण काही सॉफ्टवेअर तो वाचत नाहीत. अशा वेळी त्याच 'रीरॅप'मध्ये ध्वनीच्या सेटिंगमधून आवाज तेवढा पीसीएम १६ बिट (म्हणजे न दाबलेला) करून घ्यावा आणि डबा एमओव्ही ठेवावा. आवाजाची फाइल मोठी होते, पण चित्राच्या आकारापुढे ती वाढ नगण्य आहे.

हँडब्रेक हे नाव सर्वांना माहीत असल्यामुळे याही कामासाठी तेच सुचवले जाते. ते सॉफ्टवेअर चांगले आहे, परंतु ते चित्र नेहमी नव्याने दाबते. नुसता डबा बदलणे त्याला येत नाही. त्याची खरी गरज पुढच्या भागात लागते.

आडव्या रेषांचा प्रश्न

जुन्या हँडीकॅमची बहुतेक फाइल इंटरलेस्ड असते. सेकंदाला २५ पूर्ण चित्रे घेण्याऐवजी कॅमेरा ५० अर्धी चित्रे घेतो: एकदा विषम ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. जुन्या टीव्हीवर हे सुरेख दिसे, कारण तो टीव्हीही तसाच ओळीआड चित्र रंगवत असे. संगणकाचा पडदा दोन्ही अर्ध्या चित्रांना एकदम दाखवतो, आणि मधल्या काळात वस्तू सरकलेली असेल तर तिच्या कडेला कंगव्याचे दाते उमटतात.

स्थिर चित्रात हा दोष लपतो, म्हणून तपासणीसाठी क्लिप मुद्दाम धावपळीची घ्यावी. माझ्याकडे जुन्या नाशकातल्या रहाडीवरची, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदावरची, रंगपंचमीची एक क्लिप आहे. काठावरून एक मुलगा रंगाच्या पाण्यात धप्पा मारतो तो क्षण थांबवला की त्याचे दोन्ही हात दाते पडल्यासारखे दिसतात आणि वर उडालेल्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाच्या आडव्या चकत्या झालेल्या असतात. त्याच्या मागची वाड्याची भिंत मात्र अगदी स्वच्छ असते. ही क्लिप चुकीच्या पद्धतीने बदलली तर हे दाते फाइलीत कायमचे भाजले जातात आणि नंतर कोणत्याही उपायाने पूर्ण निघत नाहीत. आंधळेपणाने एमपीफोर करण्यातला सर्वांत मोठा धोका मला हाच वाटतो.

हँडब्रेकमध्ये ते पुढीलप्रमाणे करावे. फाइल उघडल्यावर 'फिल्टर्स'च्या पानावर 'डीइंटरलेस'पुढे 'याडिफ' निवडावे आणि त्याच्या शेजारी 'बॉब' ठेवावे. 'बॉब' प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण चित्र तयार करतो, म्हणून सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि हालचालीचा मूळ सळसळीतपणा टिकतो. त्यानंतर 'व्हिडिओ'च्या पानावर फ्रेम रेट ५० आणि 'कॉन्स्टंट' करावा. २५ वर ठेवला तर निम्मी हालचाल फेकून दिली जाते. एन्कोडर एच.२६४ ठेवावा. 'कॉन्स्टंट क्वालिटी'चा आरएफ हा आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. ५७६ ओळींच्या जुन्या चित्रणासाठी १८ ते २२, आणि १०८० ओळींसाठी २० ते २४ हा मर्यादेचा पट्टा आहे. घरातल्या जपून ठेवायच्या गोष्टींसाठी मी दोन्हीकडे खालचाच आकडा घेतो. रुंदी-उंची वाढवू नये: ७२० बाय ५७६ चे चित्र १९२० बाय १०८० ला ताणले म्हणून त्यात न टिपलेले तपशील उगवत नाहीत.

सगळी रांग लावण्याआधी 'रेंज'मधून अर्ध्या मिनिटाचाच तुकडा करून पाहावा, आणि मग उरलेले काम रात्री लावून ठेवावे. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वळवाच्या पावसाच्या दिवसांत बाहेरची फाइल एमपीफोरऐवजी एमकेव्ही करावी. एमपीफोरची अनुक्रमणिका बहुधा अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे ऐंशी टक्के काम झाल्यावर वीज गेली की उरलेली फाइल उघडत नाही. एमकेव्ही अर्धवट राहिली तरी झालेला भाग सहसा दिसतो.

एडिटिंगसाठी वेगळी फाइल

एच.२६४ पाहण्यासाठी बनलेले आहे. त्यात काही फ्रेम पूर्ण असतात आणि मधल्या फ्रेममध्ये आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच साठवलेले असते. सलग पाहताना हे सोयीचे असते, पण एडिटिंगमध्ये मधल्याच फ्रेमवर उडी मारली की संगणकाला मागे जाऊन सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. लॅपटॉप अडखळतो तो येथे. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून काम हलके होते. मोबदल्यात जागा भरपूर लागते. १७ एमबीपीएस (सेकंदाला १७ मेगाबिट) दराचे एव्हीसीएचडी चित्रण तासाला सुमारे साडेसात जीबी घेते, तर १०८० ओळींचे, सेकंदाला २५ फ्रेमचे प्रोरेस ४२२ तासाला सुमारे ५५ जीबी घेते. ५० फ्रेम केल्यास ते साधारण दुप्पट होते.

म्हणून पूर्ण कार्ड प्रोरेस करण्याचा सल्ला मी देत नाही. आधी व्हीएलसीमध्ये सगळे पाहून हव्या त्या क्लिप निवडाव्यात आणि तेवढ्याच शटर एन्कोडरमध्ये 'अ‍ॅपल प्रोरेस' किंवा 'डीएनएक्सएचडी' करून, त्याच वेळी डीइंटरलेसही करून घ्याव्यात. त्याहून सोपा मार्ग प्रॉक्सीचा आहे. शॉटकट या मोफत एडिटरमध्ये 'सेटिंग्ज'मधून 'प्रॉक्सी' चालू केले की ते कामापुरती लहान प्रत स्वतः बनवते आणि शेवटच्या एक्सपोर्टला मूळ फाइल वापरते. डाविंची रिझॉल्व्हमध्येही प्रॉक्सीची सोय आहे. मात्र लिनक्सवर त्याची मोफत आवृत्ती एच.२६४ वाचत नाही, तिथे आधीच डीएनएक्सएचआर (डीएनएक्सएचडीचाच भाऊबंद) करून घ्यावे लागते.

एमओडी, डीव्हीडी आणि कॅसेट

एमओडी ही वस्तुतः एमपेग-२ ची साधी फाइल असते. शेपटाच्या जागी एमपीजी लिहिले तरी बहुतेक सॉफ्टवेअर ती उघडतात. अडचण प्रमाणाची येते. चित्र १६:९ मध्ये घेतले होते ही खूण या फाइलींत नेहमीच्या जागी नसते, त्यामुळे चित्र ४:३ समजून उभट दाखवले जाते. पुराच्या क्लिपमध्ये माझा दुतोंड्या मारुती (गोदापात्रातली मारुतीची उंच मूर्ती) चांगलाच रोडावलेला दिसला, तेव्हा हे लक्षात आले. हँडब्रेकच्या 'डायमेन्शन्स'मध्ये 'अ‍ॅनामॉर्फिक'ला 'कस्टम' करून पिक्सेलचे प्रमाण ६४:४५ दिले की ७२० ची रुंदी १०२४ इतकी दाखवली जाते आणि मारुती पूर्ववत होतो. शेजारची त्याच नावाची एमओआय फाइल प्रतीबरोबर जपून ठेवावी.

आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर टिपणारे कॅमेरेही होते. अशी डिस्क संगणकात रिकामी दिसली तर घाबरू नये; ती 'फायनलाइज' झालेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद केलेली, नसते, आणि ते काम बहुधा त्याच कॅमेऱ्यात करावे लागते. त्यानंतर मेकएमकेव्हीने डिस्कवरचे सगळे काही न दाबता एमकेव्ही करता येते.

मिनी-डीव्ही कॅसेटचे काम सर्वांत वेळखाऊ आहे. कॅसेट तासाची असेल तर ती उतरवायला तासच लागतो. कॅमेऱ्यावर यूएसबीचे भोक दिसते म्हणून लोक तीच केबल लावतात, पण बहुतेक कॅमेऱ्यांत त्यातून फोटो किंवा हलक्या दर्जाचे चित्रच येते. खरे डीव्ही फायरवायर या वेगळ्या जोडणीतून येते. यूएसबीला फायरवायरचे टोक जोडणारा स्वस्त अ‍ॅडॅप्टर घेऊ नये, त्याचा उपयोग होत नाही. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचे फायरवायर कार्ड बसवावे, केबल कॅमेरा बंद असताना जोडावी आणि कॅमेरा बॅटरीऐवजी अ‍ॅडॅप्टरवर चालवावा. कॅसेट आधी पारदर्शक खिडकीतून उजेडात पाहावी: फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती पावसाळ्यात धरलेली बुरशी आहे, आणि अशी कॅसेट कॅमेऱ्यात घातली तर हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या कॅसेटचेही नुकसान होते. स्वच्छ कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्यावी, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो.

कॅप्चरसाठी विनडीव्ही हे जुने पण अत्यंत आटोपशीर सॉफ्टवेअर मला पसंत आहे. ते फाइलीच्या नावात चित्रणाची तारीख घालते आणि गळलेल्या फ्रेमची संख्याही दाखवते. तो आकडा शून्यावर राहिला पाहिजे. एका तासाला सुमारे १३ जीबीची एव्हीआय फाइल तयार होते. तिला हात लावू नये. डीव्हीची प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्यामुळे ती एडिटिंगला तशीच चालते. फक्त आपल्याकडच्या डीव्हीत खालची ओळ आधी येते, म्हणून सॉफ्टवेअर विचारेल तेथे 'बॉटम फील्ड फर्स्ट' सांगावे. हा क्रम उलटा पडला तर चालणारा माणूस पुढे-मागे थरथरत चालतो.

कार्ड रिकामे करण्यापूर्वी

तयार झालेली फाइल सुरुवातीची दहा सेकंदे पाहून समाधान मानू नये. आवाज आणि ओठ यांचा मेळ सुटतो तो हळूहळू, म्हणून फाइलीच्या शेवटच्या मिनिटात कोणी बोलत असेल ती जागा पाहावी. तुकडे जोडलेले असतील तर प्रत्येक सांध्याच्या आधी-नंतरची पाच सेकंदे कानाला हेडफोन लावून ऐकावीत. मूळ आणि नव्या फाइलीची एकूण लांबी मीडियाइन्फोत ताडून पाहावी. मूळ फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवावी. माझी दुसरी डिस्क सिडकोत बहिणीकडे असते. एवढे झाल्यावर खिट्टी मागे सरकवून कार्ड कॅमेऱ्यात घालावे आणि फॉरमॅट संगणकावरून न करता कॅमेऱ्याच्याच मेनूतून करावे, कारण फोल्डरची ती उतरंड त्याला स्वतःलाच पुन्हा मांडायची असते.